दबलेले आणि संपलेले

निग्रहाने वृत्ती संपते की नुसती दबते, हा भारतीय धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर होतात परंतु त्यांची गोडी मागे उरते, असे सांगून ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते असे म्हटले आहे. योगसूत्रांत क्लेशांच्या प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार अशा चार अवस्था मानल्या असून व्यासभाष्याने त्यांत दग्धबीज ही पाचवी, पुन्हा अंकुर न धरणारी अवस्था जोडली आहे. तथापि या प्रश्नाचा सर्वांत बारीक, जवळजवळ हिशेबी म्हणावा असा ऊहापोह जैन कर्मशास्त्राने केला. ज्या शरीराच्या आधाराने निग्रह करायचा त्याच शरीराच्या रसायनाशी हा ऊहापोह ताडून पाहिला, तर दोन्हीकडचे काही कंगोरे स्पष्ट होतात. विकरे आणि त्यांना अडवणारे निरोधक यांचे शास्त्र त्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण थांबवणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेथेही आधी सोडवावा लागतो.

मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाची दोन अगदी निराळी रूपे पाहायला मिळतात. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांत जैन वस्ती मोठी असून पावसाळा सरत आला की श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण आणि त्यापाठोपाठ दिगंबरांचे दहा दिवसांचे दशलक्षण पर्व सुरू होते. उपाश्रयात, म्हणजे साधु-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, सकाळी गुरूंसमोर हात जोडून पच्चक्खाण घेतले जाते, म्हणजे ठरावीक काळापर्यंत ठरावीक वस्तू घेणार नाही असे प्रत्याख्यान केले जाते. उपवासात पाणी घ्यायचे तर ते उकळून अचित्त, म्हणजे निर्जीव, केलेले आणि सूर्यास्तापूर्वीच घ्यायचे असते. कोणी दिवसातून एकदाच जेवण्याचे एकासणे करतो, कोणी आठ दिवसांची अठ्ठाई, कोणी महिनाभराचे मासक्षमण. याच उपनगरांनी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने गेलेले बळी पाहिले. पहिल्या दुर्घटनेत ऐंशीहून अधिक आणि दुसरीत शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतली बहुतेक हातावर पोट असलेली होती. एका ठिकाणी माणूस स्वतःहून स्वतःला अडवतो. दुसऱ्या ठिकाणी शरीरातली एक क्रिया वेळेवर अडवता आली तरच माणूस वाचतो. या दोन गोष्टी एका दमात सांगणे काहींना खटकेल, आणि त्यांचा कार्यकारणसंबंध तर मुळीच नाही. परंतु अडवण्याचे मोल कशावरून ठरते, हा विचार दोहोंनाही लागू पडतो.

जैन मताप्रमाणे कर्म हे केलेल्या कृत्याचे अदृश्य फळ एवढेच नसून ते पुद्गल, म्हणजे अतिसूक्ष्म जड द्रव्य आहे. मन, वाणी आणि काया यांच्या हालचालींनी ते जीवाकडे ओढले जाते, याला आस्रव म्हणतात. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांमुळे ते जीवाला चिकटून राहते, याला बंध म्हणतात. बांधले गेलेले कर्म लगेच फळ देत नाही. ते काही काळ सत्तेत, म्हणजे सुप्त साठ्यात असते आणि मुदत आली की त्याचा उदय होतो. कर्माच्या आठ मूळ प्रकारांपैकी ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय हे चार घाती मानले आहेत, कारण ते जीवाच्या स्वाभाविक गुणांवरच आघात करतात. ज्ञान हे जीवाचे स्वरूपच आहे, ते कोठून मिळवून आणायचे नसून त्याला झालेली अडवणूक दूर करायची आहे, ही या दर्शनाची मूळ भूमिका आहे. या भूमिकेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही: येथे बंधन हाच पहिला निरोध आहे, आणि साधना म्हणजे त्या निरोधाचा निरोध. त्यामुळे निग्रह हा आपोआप चांगला आणि प्रवृत्ती ही आपोआप वाईट, असे सरळ समीकरण या शास्त्रात मांडताच येत नाही; कोण कोणाला अडवतो आहे, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा दुसरा अध्याय जीवाच्या पाच भावांनी सुरू होतो, आणि त्यांतले पहिले तीन प्रस्तुत प्रश्नाच्या मुळाशी जाणारे आहेत. कर्म सत्तेत असूनही त्याचा उदय रोखला गेला आहे, ही औपशमिक अवस्था. कर्म समूळ नाहीसे झाले आहे, ही क्षायिक. आणि काही अंश नाहीसा झालेला, काही दाबून धरलेला, तर काही सौम्य होऊन अजून उदयात असलेला, ही मिश्र किंवा क्षायोपशमिक. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत यासाठी गढूळ पाण्याचा दृष्टान्त येतो. गढूळ पाण्यात निवळीचे बी फिरवले की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते, तो उपशम. वरचे निवळ पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घेतले की गाळाशी संबंधच तुटतो, तो क्षय. पाहणाऱ्याला दोन्ही भांड्यांतले पाणी सारखेच नितळ दिसते, आणि दृष्टान्ताची खरी ताकद येथे आहे. दबलेले आणि संपलेले यांतला फरक त्या क्षणीच्या दर्शनाने कळत नाही, भांडे हलल्यावर कळतो. म्हणूनच आध्यात्मिक विकासाच्या चौदा गुणस्थानांत, म्हणजे पायऱ्यांत, ग्रंथकारांनी अकरावी पायरी उपशांतमोहाची आणि बारावी क्षीणमोहाची ठेवून दोन वेगळे मार्ग दाखवले. मोह दाबत दाबत वर गेलेला अकराव्या पायरीवर पोहोचतो आणि तेथून त्याला खाली यावेच लागते. मोहाचा क्षय करत गेलेला दहाव्या पायरीवरून थेट बाराव्या पायरीवर जातो आणि त्याला पतन नाही.

आता शरीराकडे वळता येईल. पेशीत चालणाऱ्या बहुतेक रासायनिक क्रिया आपणहून इतक्या संथ असतात की त्यांच्या भरवशावर जीवन चालणार नाही. त्यांना वेग देणारी प्रथिने म्हणजे विकरे, ज्यांना व्यवहारात एन्झाइम म्हणतात. विकराच्या गुंडाळलेल्या रेणूत एक लहानसा खळगा असतो, त्याला सक्रिय स्थान म्हणतात. ज्या पदार्थावर क्रिया व्हायची त्याचा रेणू, म्हणजे सबस्ट्रेट, तेथे येऊन बसतो, त्याचे रूपांतर होते आणि तो बाहेर पडतो. विकर मात्र स्वतः न खर्ची पडता पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये या क्रियेच्या वेगाचे गणित मांडले. सबस्ट्रेट वाढवत नेला तर वेग वाढत जातो, पण उपलब्ध विकरे सगळी गुंतली की तो एका कमाल मर्यादेजवळ येऊन स्थिरावतो.

या क्रियेत अडथळा आणणारा पदार्थ म्हणजे निरोधक, आणि त्याच्या अडवण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. स्पर्धी निरोधक सबस्ट्रेटशी रूपसाम्य राखून असतो आणि सक्रिय स्थान स्वतःच बळकावतो. त्याचे बसणे कायमचे नसते, तो येतो आणि सुटतो, त्यामुळे सबस्ट्रेटचे प्रमाण पुरेसे वाढवले की तो मागे रेटला जातो आणि विकर आपला पूर्वीचा कमाल वेग पुन्हा गाठते. अस्पर्धी निरोधक दुसऱ्याच जागी चिकटून विकराची क्षमता कमी करतो; तेथे सबस्ट्रेट कितीही वाढवला तरी जुना कमाल वेग परत येत नाही. तिसरी तऱ्हा अपरिवर्तनीय निरोधाची. यात निरोधक विकराशी पक्का रासायनिक बंध जोडतो आणि तो रेणू बहुधा कायमचा निकामी होतो. पहिल्या तऱ्हेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्पर्धी निरोधाचे यश निरोधकाच्या बळावर जितके अवलंबून असते तितकेच समोर येणाऱ्या सबस्ट्रेटच्या प्रमाणावर अवलंबून असते. जैन आचारशास्त्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगताना अनशनाच्या जोडीला रसपरित्याग आणि विविक्तशय्यासन, म्हणजे गडबडीपासून आणि प्रलोभनांपासून दूर राहणे, यांना जागा दिली आहे, त्यामागची व्यवहारदृष्टी याच प्रकारची आहे. विषयांचा पुरवठा अमर्याद ठेवून नुसत्या निश्चयाच्या जोरावर उपशम टिकवण्याची अपेक्षा शास्त्रकारांनी सामान्य साधकाकडून केलेली नाही.

मालवणी आणि विक्रोळी येथे जे घडले त्याच्या मुळाशी मिथेनॉल होते. मिथेनॉल हे अल्कोहोलच्या कुळातले सर्वांत साधे, उद्योगात द्रावक म्हणून वापरले जाणारे रसायन आहे. पिण्याच्या दारूतले अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, त्याहून एका कार्बन अणूने मोठे. वास आणि चव यांवरून पिणाऱ्याला फरक कळत नाही. अधिक दारुण गोष्ट अशी की मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. यकृतातले अल्कोहोल डिहायड्रोजनेझ हे विकर, जे एरवी इथेनॉलचे विघटन करून शरीराची सुटका करते, तेच मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड बनवते, आणि दुसरे विकर त्याचे झपाट्याने फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल शरीराबाहेर टाकण्याची माणसाची क्षमता कमी असल्यामुळे ते साचत जाते, रक्ताची आम्लता वाढते, आणि पेशींच्या श्वसनातले शेवटचे विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेझ, त्याच्यामुळे निरोधले जाते. रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही. दृष्टीचा मज्जातंतू या गुदमरण्याला सर्वांत आधी बळी पडतो, म्हणून वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी जाते. हे सगळे घडायला बहुधा अर्धा ते एक दिवस लागतो, आणि दारूत इथेनॉलही मिसळलेले असेल तर त्याहून अधिक. पिणारा घरी येतो, झोपतो, कामावरही जाऊ शकतो. त्रास सुरू होतो तेव्हा बराच अवधी हातचा गेलेला असतो.

या विषबाधेवरचा प्रमाणित उपचार म्हणजे स्पर्धी निरोधाचे सर्वांत नेमके उदाहरण होय. फोमेपिझोल हे औषध अल्कोहोल डिहायड्रोजनेझच्या सक्रिय स्थानी बसून मिथेनॉलला तेथे येऊ देत नाही. ते उपलब्ध नसेल तेथे डॉक्टर मोजून-मापून, रक्तातले प्रमाण राखत, शुद्ध इथेनॉल देतात, कारण या विकराची इथेनॉलशी असलेली ओढ मिथेनॉलपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे आणि दोन्ही समोर असताना ते इथेनॉलमध्येच गुंतून राहते. ज्या पदार्थाच्या ओढीने माणूस मृत्यूच्या दारात आला तोच पदार्थ, दुसऱ्या हातातून आणि दुसऱ्या हेतूने, त्याला तेथून ओढून काढतो. मद्य सर्वथा त्याज्य मानणाऱ्या कोणत्याही आचारधर्मापुढे यातून एक कसोटी उभी राहते, आणि वस्तूचा गुणधर्म व वस्तूविषयीची आसक्ती यांत भेद करणाऱ्या परंपरांना तिचे उत्तर देणे जड जाऊ नये. दोष कषायात आहे, जड द्रव्यात नाही, हे जैन ग्रंथकार पुनःपुन्हा सांगतात.

परंतु येथे त्याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. फोमेपिझोलने किंवा इथेनॉलने मिथेनॉलचा एक कणही नष्ट होत नाही. तो रक्तात तसाच असतो, फक्त त्याचे विषात रूपांतर होणे थांबलेले असते. कर्मशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर तो सत्तेत आहे, त्याचा उदय रोखला आहे. विकर अडवल्यावर मिथेनॉल शरीरातून आपणहून बाहेर पडण्याचा वेग इतका मंद असतो की त्याचे प्रमाण निम्मे व्हायला दोन दिवसांच्या आसपास लागतात, आणि निरोधक आधीच बंद केला तर सगळी साखळी जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू होते. म्हणून गंभीर रुग्णाला निरोधकाच्या जोडीने डायलिसिस लागते, ज्यात मिथेनॉल आणि साचलेले फॉर्मिक आम्ल रक्तातून प्रत्यक्ष काढून टाकले जाते. जैन तत्त्वज्ञानात आस्रव रोखणाऱ्या संवराच्या पाठोपाठ निर्जरा, म्हणजे साचलेले कर्म झाडून टाकणे, हे स्वतंत्र तत्त्व का मानावे लागले, याचे उत्तर या उपचारात स्पष्ट दिसते. नवे येणे थांबले म्हणजे जुने गेले असे होत नाही. उलट, जुने जायला वेळ लागतो आणि तो वेळ मिळवून देणे एवढेच थांबवण्याचे काम असते. उपशमाचे खरे मोल येथे ठरते. दाबण्याने मिळालेला अवधी काढून टाकण्यासाठी वापरला गेला तर तो उपशम क्षयाच्या वाटेवरचा टप्पा आहे, आणि अवधी नुसताच गेला तर तो पुढे ढकललेला उदय आहे. निग्रह खरा की खोटा, असा वाद घालणाऱ्यांनी निग्रहाच्या काळात काय केले गेले, हे विचारलेलेच नसते.

हीच कसोटी दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाला लावून पाहण्यासारखी आहे. डेन्मार्कमधील येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी १९४८ मध्ये डायसल्फिरॅमचे परिणाम प्रसिद्ध केले. दारूचे विघटन होताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड हा त्रासदायक पदार्थ तयार होतो आणि ॲल्डिहाइड डिहायड्रोजनेझ हे विकर त्याची लगेच विल्हेवाट लावते. डायसल्फिरॅम या दुसऱ्या विकराशी पक्का बंध करून ते निकामी करते, त्यामुळे औषध चालू असताना घोटभर दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, ओकारी येते, रक्तदाब घसरतो. पिण्याची इच्छा मात्र या औषधाने तसूभरही कमी होत नाही. निरोध येथे विकराचा होतो, वासनेचा होत नाही. बंध अपरिवर्तनीय असूनही परिणाम कायमचा नसतो, कारण पेशी नवे विकर घडवत राहते, आणि शेवटच्या गोळीनंतर दोनेक आठवड्यांत शरीर पूर्ववत होते. म्हणजे विकराच्या पातळीवर जो क्षय तो शरीराच्या पातळीवर उपशमच ठरतो. जोवर घडवणारे मूळ शाबूत आहे तोवर घडलेल्या वस्तूचा नाश अंतिम नसतो. कर्मशास्त्रात उदयाला आलेले कर्म भोगून संपणे आणि नवे बांधणारा कषाय संपणे यांत जो भेद केला आहे, त्याची येथे आठवण होणे साहजिक आहे.

या औषधाबाबत आणखी एक दंडक आहे आणि तो निव्वळ वैद्यकीय नाही. डायसल्फिरॅम रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय कधीही देऊ नये. जेवणात गुपचूप मिसळून ते दिले आणि माणसाने अजाणता दारू घेतली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. पण जीव वाचला तरी अशा अडवण्याला संयम म्हणता येणार नाही. आपल्याला अडवले जात आहे हे ज्याला माहीत नाही त्याच्या ठिकाणी त्याग घडत नाही, फक्त अघटित घडते. उपाश्रयातले पच्चक्खाण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सूर्योदयानंतर एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे काही न घेण्याच्या नवकारशीसारख्या लहानशा नियमही घेणाऱ्याला जाणून, स्वतःच्या संमतीने घ्यावा लागतो. काळाची हद्द ठरलेली असते, अनवधानाने तोंडात काही गेले तर काय, याचे आगारही, म्हणजे सवलती, पाठातच सांगितलेले असतात. मुदत आणि सवलत ठरवून घेतलेला हा निग्रह आपण उपशम आहोत हे लपवत नाही. हा प्रामाणिकपणा या परंपरेचा मोठा गुण मानला पाहिजे, आणि उपवासांचे आकडे फलकावर लावण्याच्या हौसेत तो हरवू नये असे कळकळीने सांगावेसे वाटते.

शरीराच्या बाजूने पाहता मात्र मूल्यांची उतरंड उलटी लागते, आणि तुलनेतली खरी अडचण तेथेच आहे. जिवंत शरीर जवळजवळ सर्वस्वी परिवर्तनीय निरोधावर चालते. एडविन उम्बार्गर यांनी १९५६ मध्ये ई. कोलाय या जीवाणूत दाखवून दिले की आयसोल्यूसीन हे अमिनो आम्ल पुरेसे तयार झाले की तेच स्वतःच्या निर्मितीच्या साखळीतल्या पहिल्या विकराला अडवते, आणि ते वापरले जाऊन कमी झाले की अडवणूक सुटते. असे पुरेसेपणाचे भान प्रत्येक पेशीत असंख्य ठिकाणी काम करत असते, आणि ते कामाचे ठरते ते दबलेले पुन्हा उठू शकते म्हणूनच. उलट अपरिवर्तनीय निरोध शरीराच्या दृष्टीने बहुधा संकट असते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेझ या विकराला जखडून टाकतात. सुरुवातीच्या काळात प्रॅलिडॉक्झिमसारखे औषध तो बंध तोडू शकते, पण काही वेळाने बंधाचे स्वरूप बदलते आणि मग औषधाचा इलाज चालत नाही. कीटक आणि फवारणारा शेतकरी यांच्यात हे विकर सारखेच असते, ही गोष्ट अहिंसेच्या विचाराला स्वतंत्रपणे भिडणारी आहे. ॲस्पिरिनचा उपकारही अपरिवर्तनीय निरोधाचाच, पण तो उपकार ठरतो ते रक्तातल्या बिंबिकांचे, म्हणजे प्लेटलेट्सचे, आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते आणि त्यांची जागा नव्या बिंबिका घेतात म्हणून.

मग साधनेत क्षय श्रेष्ठ आणि देहात उपशम श्रेष्ठ, असे का? उत्तर दोहोंच्या हेतूंत शोधावे लागते. देहाला चालू राहायचे आहे. अन्न येईल, संपेल, पुन्हा येईल, या अनिश्चित जगात प्रत्येक अडवणूक सोडवता येण्यासारखी असणे ही त्याची गरज आहे. मोक्षमार्गाला कषायांचे हे चक्र चालूच ठेवायचे नाही. ज्याला परत यायचे आहे त्याच्यासाठी परतीची वाट हा गुण आहे, ज्याला परत यायचे नाही त्याच्यासाठी तोच धोका आहे. देहाची नीती साधनेला लावली तर निग्रह म्हणजे नुसते संतुलन होते, आणि साधनेची नीती देहाला लावली तर आत्मपीडा होते. जैन आचार्यांनी तपाला ‘शक्तीप्रमाणे’ ही जी अट घातली आणि षट्खंडागम या प्राचीन ग्रंथाच्या परंपरेत जी तीर्थंकरत्व देणाऱ्या सोळा भावनांच्या यादीतही आहे, ती या दोन नीतींची गल्लत टाळणारी आहे.

उपवासाच्या दिवसांत देहात काय घडते, ते या संदर्भात जवळून पाहण्यासारखे आहे. पोट भरलेले असताना पेशीत मॅलोनिल-कोए नावाचा रेणू वाढतो आणि चरबीच्या आम्लांना पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे मायटोकाँड्रियात नेणारे कार्निटिन पामिटॉइल ट्रान्स्फरेज हे विकर त्याच्यामुळे निरोधले जाते; जे. डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिले. चरबी बनवायची आणि जाळायची ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ नयेत, अशी ही तजवीज आहे. उपवासाचा पहिला दिवस उलटताना यकृतातला ग्लायकोजेनचा साठा सरत येतो, इन्सुलिन उतरते, मॅलोनिल-कोए कमी होते आणि अडलेले विकर मोकळे होते. साठलेली चरबी जळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवून मेंदूला पुरवते. माणसाने बाहेरून स्वतःला अडवले आणि त्यामुळे आतली एक अडवणूक सुटली, अशी ही उलटापालट आहे. अठ्ठाईच्या शेवटी पारण्याला मुगाचे पाणी पोटात गेले की इन्सुलिन पुन्हा चढू लागते आणि ते विकर पुन्हा निरोधले जाते. देहापुरते पाहता सर्वांत कठोर तपही उपशमच आहे, पारण्यापर्यंतचा. म्हणूनच तत्त्वार्थसूत्राने बाह्य तपानंतर प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान हे आभ्यंतर तप सांगितले; उपवासाने मिळालेला अवधी या सहांसाठी आहे, आणि अनशन करून मुनींची वा आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, टाळणाऱ्याने अर्धेच तप केले असे त्या क्रमावरून म्हणावे लागते.

या तुलनेची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जैन आचार्यांना विकरांचे रसायन ठाऊक होते असा दावा करणे हा त्या आचार्यांचा गौरव नव्हे, त्यांच्या खऱ्या कामाकडे केलेले दुर्लक्ष आहे. त्यांनी प्रयोगशाळा चालवली नाही. त्यांनी मनाच्या व्यवहाराचे निरीक्षण केले आणि दबलेले, संपलेले व अर्धेमुर्धे यांत भेद करणारी परिभाषा शिस्तीने घडवली. कर्माला जड द्रव्य मानल्यामुळे ही परिभाषा रसायनाच्या भाषेशी सहज जुळते, पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. विकराच्या निरोधाने कर्माचे अस्तित्व सिद्ध होत नाही आणि ते खोडूनही निघत नाही. तुलनेचा उपयोग एवढाच की एका क्षेत्रात नीट विचारलेला प्रश्न दुसऱ्या क्षेत्रातही नीट विचारता येतो.

अकराव्या पायरीचे विवेचन ज्या ग्रंथात सविस्तर सापडते तो गोम्मटसार दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींनी रचला, आणि त्यांचा शिष्य चावुंडराय याने श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीची विशाल मूर्ती घडवून घेतली, जिच्या पायाशी मराठीतला एक अतिशय जुना शिलालेख आहे. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाजवळच्या पोदनपूर त्रिमूर्ती मंदिरात आदिनाथांच्या दोन बाजूंना भरत आणि बाहुबली उभे आहेत. बाहुबलीची कथा या चर्चेला थेट लागू पडते. आपला भाऊ भरत याला हरवून, जिंकलेले राज्य टाकून तो कायोत्सर्गात, म्हणजे देहाची ममता सोडून निश्चळ, वर्षभर उभा राहिला. अन्न नाही, हालचाल नाही, पायांवर वेली चढल्या, तरी केवलज्ञान झाले नाही. दिगंबर परंपरेनुसार भरताला आपल्यामुळे क्लेश झाला हा सल त्याच्या मनात उरला होता, आणि भरताने येऊन पूजा केल्यावर तो गेला. श्वेतांबर परंपरेनुसार, आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, हा मान आड येत होता. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी ते ध्यानात आणून दिल्यावर त्याने त्या भावांकडे जाण्यासाठी पाऊल उचलले आणि त्याच क्षणी आवरण गळून पडले. दोन्ही कथांत निग्रह आणखी कडक केल्याने काम झालेले नाही. सगळे काही रोखले गेले असताना एक सूक्ष्म कषाय रोखणारा होऊन बसला होता, तो दिसला आणि गेला; श्वेतांबर कथेत तर तो गेला एका हालचालीने.

उपशांतमोह या अकराव्या गुणस्थानाची कमाल मुदत अंतर्मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांच्याही आतली सांगितली आहे. तेथून खाली येण्याची कारणे दोनच: आयुष्य संपणे, म्हणजे भवक्षय, किंवा उपशमाची मुदत संपणे, म्हणजे अद्धाक्षय. दुसऱ्या कारणात साधकाचा नवा अपराध कोठेही गृहीत धरलेला नाही. दाबलेले आपल्या मुदतीने वर येते, इतकेच. तरीही ग्रंथकारांनी हे स्थान दहाव्याच्या वर ठेवले, तेथे पोहोचलेल्याला त्या अल्पकाळापुरते का होईना वीतराग हेच विशेषण दिले, आणि खाली आलेल्यासाठी श्रेणी पुन्हा चढण्याची वाट खुली ठेवली.